जुन्या संगणकास ग्राफिक्स कार्ड बसविताना : दुकानदार व कारागीर बंधूंसाठी एक धडा

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या काळी आपल्या तालुक्याच्या गावांत संगणक ही अपूर्वाईची वस्तू होती. आज कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा आणि खुद्द वाशिम या सहाही ठिकाणी संगणक दुरुस्तीची लहान-मोठी दुकाने दिसतात. यांतील पुष्कळ दुकाने अशा कुटुंबांतील मुलांची आहेत, ज्यांच्या वडिलांनी रेडिओ, टेपरेकॉर्डर व टीव्ही दुरुस्त करून संसार चालविला. हात तोच आहे, पण माल बदलला आहे. माल बदलला की त्याची पारख नव्याने शिकावी लागते. म्हणून या वेळी आम्ही एका लहान वाटणाऱ्या, पण दुकानदाराची पत राखणाऱ्या किंवा घालविणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. तो विषय म्हणजे जुन्या संगणकास गेम खेळण्यापुरते स्वस्त ग्राफिक्स कार्ड कसे निवडावे.

ज्यांना या वस्तूची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र तयार करण्याचे काम करणारा जो स्वतंत्र भाग असतो, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. साध्या लिखापढीच्या व हिशेबाच्या संगणकास ते लागत नाही. मुख्य प्रोसेसरमध्येच त्याची तजवीज असते. मात्र गेम खेळणे, लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणे किंवा मोठ्या बॅनरचे डिझाइन करणे यासाठी हे कार्ड उपयोगी पडते.

एक हकीकत

जिल्ह्यातील एका कारागिराची हकीकत आम्हांस ठाऊक आहे. नाव व गाव सांगण्याची गरज नाही. त्याच्याकडे एक टेम्पोचालक आले. मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला होता आणि त्याला कबूल केल्याप्रमाणे घरच्या जुन्या संगणकावर गेम चालतील अशी सोय करून द्यायची होती. संगणक कोणत्यातरी कार्यालयातून निघालेला, तिसऱ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा होता. पुढे तो एका साध्या लोखंडी डब्यात बसविलेला होता. कारागिराने मोठ्या शहरातून वापरलेले आरएक्स ५८० कार्ड मागविले. भाव चांगला मिळाला होता. "वीज पुरेल ना बेटा?" असे त्या गृहस्थांनी विचारले. "चाचा, डब्यावर साडेचारशे वॅट लिहिलंय, काही काळजी करू नका," असे उत्तर मिळाले.

तिसऱ्या दिवशी रात्री गेम चालू असताना जळका वास आला आणि संगणक बंद पडला. पॉवर सप्लाय गेला व जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचले, पण ते बसवायला संगणकच उरला नाही. भांडण झाले. अखेर कारागिराने दुसरा बोर्ड व दुसरा सप्लाय पदरचे पैसे घालून बसवून दिला. महिनाभराची कमाई गेली. गावात चार लोकांत चर्चा झाली ती वेगळीच. त्या मुलाने फसविले नव्हते. त्याला हिशेब येत नव्हता एवढेच. तो हिशेब आता पाहू.

पहिली गोष्ट : विजेचा हिशेब

ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरील ज्या लांब खाचेत बसते, तिच्यातून नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. कार्डास यापेक्षा अधिक वीज हवी असेल तर पॉवर सप्लायमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५ वॅट, तर आठ पिनांच्या वायरीतून १५० वॅट मिळतात. म्हणून कार्ड हातात घेतल्यावर प्रथम पाहावे की त्यावर जादा वायरीची खाच आहे किंवा नाही. खाच नसेल तर ते कार्ड ७५ वॅटच्या आतले आहे असे समजावे.

आता पॉवर सप्लायकडे वळू. त्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते, त्यावर विसंबू नये. बाजूच्या लहान तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे आणि त्यास १२ ने गुणावे. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड या दोघांचीही भूक मुख्यतः १२ व्होल्टवरच भागते. समजा तेथे १६ अँपिअर लिहिले आहे. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. म्हणजे नाव साडेचारशेचे, पण खरे काम दोनशेच्याही आत. स्वस्त सप्लायमध्ये तेवढेही भरवशाने मिळेलच असे नाही.

वरील हकीकतीतील संगणक या हिशेबाला लावून पाहा. तिसऱ्या पिढीच्या चार कोअरच्या साध्या आय-५ ची मर्यादा ७७ वॅट. बोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून ४० ते ५० वॅट धरावे. आरएक्स ५८० ची मर्यादा कंपनीने १८५ वॅट सांगितलेली आहे. बेरीज तीनशेच्या वर गेली. जेथे दोनशेची ताकद नाही तेथे तीनशेचे ओझे टाकले, मग जे व्हायचे ते झाले. त्याच संगणकात ७५ वॅटचे कार्ड असते तर बेरीज दोनशेच्या आसपास राहिली असती. तरीही तो सप्लाय बदलून चांगल्या कंपनीचा बसविणे आवश्यकच होते. मात्र त्या खर्चात मुलाचा गेम चालला असता आणि कारागिराची पतही राहिली असती.

येथे एक नियम बांधून घ्यावा. एकूण बेरजेच्या दीडपट ताकद १२ व्होल्टवर असेल तरच कार्ड बसवावे. ग्राहक सप्लाय बदलण्यास तयार नसेल तर काम नम्रपणे नाकारावे. नाकारलेल्या कामाने एक दिवसाचे नुकसान होते, बिघडलेल्या कामाने वर्षाचे होते. घरी ६०० व्हीए चा लहान यूपीएस असल्यास त्याची क्षमता बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते, आणि त्यावर मॉनिटरही चालत असतो, हेही ग्राहकास सांगावे.

दुसरी गोष्ट : डबा व खाच

आपल्याकडे येणारे पुष्कळ जुने संगणक मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क जातीचे असतात. माल टिकाऊ असतो यात शंका नाही. तथापि त्यांचे अरुंद डबे ही अडचण असते. अशा डब्यांतील सप्लाय २४० वॅटच्या आसपासचा असतो, त्यास कार्डासाठी वेगळी वायर नसते आणि त्याचे जोड कंपनीचे स्वतःचे असल्याने बाजारातील सप्लाय सहजासहजी बसत नाही. डब्याची उंची कमी असल्याने कार्डही बुटक्या पट्टीचे लागते. काही डब्यांत खाच सप्लायला इतकी चिकटून असते की जाड पंख्याचे कार्ड मावतच नाही. काही लहान यंत्रांच्या पुस्तिकेत खाचेतून मिळणारी वीज ७५ वॅटपेक्षाही कमी सांगितलेली असते. म्हणून टेप घेऊन लांबी, उंची व जाडी मोजावी, पुस्तिका पाहावी आणि मगच कार्ड मागवावे.

आणखी एक लहान बाब पुष्कळदा राहून जाते. जुन्या मॉनिटरला निळ्या तोंडाची व्हीजीए वायर असते. जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५० यांसारख्या कार्डांना तशी जोडणी नसते. अशा वेळी एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा चांगला अडॅप्टर लागतो. त्याचा खर्च आधीच सांगावा. माल बसविल्यावर सांगितलेला खर्च ग्राहकास लबाडीसारखा वाटतो.

तिसरी गोष्ट : कोणते कार्ड कोणत्या कामाचे

नावातील आकडा मोठा म्हणजे कार्ड मोठे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. त्याचप्रमाणे "चार जीबीचे कार्ड" असे म्हणून माल विकला जातो. मेमरी किती यापेक्षा ती कोणत्या जातीची व चिप कोणती हे महत्त्वाचे. काही ठळक कार्डे पाहू.

जीटी ७१० व जीटी ७३० : ही पडदा दाखविण्यापुरती कार्डे आहेत, गेमसाठी नव्हेत. जीटी ७१० मध्ये अवघे १९२ कोअर आहेत. जीटी ७३० एकाच नावाने तीन प्रकारांत विकले गेले, त्यांतील एक तर आधीच्या पिढीच्या चिपचे होते. केप्लर पिढीच्या या कार्डांना कंपनीने २०२१ मध्ये नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर देणे थांबविले आणि २०२४ नंतर सुरक्षेची दुरुस्तीही बंद झाली. नवीन डब्यात मिळतात म्हणून ती नवीन समजू नयेत.

जीटी १०३० : हे २०१७ चे ३० वॅटचे कार्ड अरुंद डब्यासाठी बरे आहे. मात्र २०१८ मध्ये याच नावाने डीडीआर-४ मेमरीचा स्वस्त प्रकार आला. मूळ जीडीडीआर-५ प्रकाराची मेमरी सेकंदाला सुमारे ४८ जीबी माहिती वाहते, तर डीडीआर-४ ची सतराच्या आत. नाव एक, काम निम्मे. डब्यावरील बारीक अक्षरे वाचूनच घ्यावे. व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की या कार्डात व्हिडिओ बांधून काढणारी यंत्रणा नाही.

जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय व १६५० : अनुक्रमे २०१४, २०१६ व २०१९ ची ही तीन कार्डे जुन्या संगणकाची खरी सोबती ठरली. पहिले ६० वॅटचे व इतर दोन ७५ वॅटची आहेत. काही कंपन्यांनी त्यांना जादा वायरीची खाच ठेवली, ती नसलेली निवडावीत. यांपैकी १६५० अधिक ताकदीचे, चार जीबी मेमरीचे व अधिक काळ टिकणारे आहे. ७५० टीआय व १०५० टीआय ज्या पिढ्यांची आहेत, त्यांच्यासाठी नवीन गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. सबब जुनी दोन कार्डे अगदी स्वस्त मिळाली तरच घ्यावीत.

आरएक्स ६४०० : हे २०२२ चे ५३ वॅटचे बुटके कार्ड दिसायला आपल्या अरुंद डब्यासाठीच बनविल्यासारखे आहे. परंतु ते खाचेतील सोळापैकी फक्त चार वाटा वापरते. नव्या बोर्डावर त्या चार वाटा रुंद असतात, जुन्या बोर्डावर अरुंद. त्यामुळे जुन्या संगणकात ते आपली पूर्ण ताकद दाखवीत नाही. यातही व्हिडिओ बांधण्याची यंत्रणा नाही.

इंटेल आर्क ए ३८० : सहा जीबी मेमरी व ७५ वॅट ऐकून मोह होतो. मात्र या कार्डास नव्या बोर्डांवरील एक विशेष सोय लागते. तिला रिसायझेबल बार म्हणतात. ती नसल्यास कामगिरी बरीच घसरते. दहा-बारा वर्षांच्या संगणकास हे घेऊ नये.

आरटीएक्स ३०५० सहा जीबी : फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ७० वॅटचे हे कार्ड जादा वायरीशिवाय चालते आणि बुटक्या पट्टीतही मिळते. जादा वायर न लागणाऱ्या गेमच्या कार्डांत हे उत्तम गणले जाते. याच नावाचे आठ जीबीचे २०२२ चे कार्ड मात्र १३० वॅटचे आहे व त्यास वायर लागते. मागविताना दोहोंत गफलत होऊ देऊ नये.

चौथी गोष्ट : बैल एक तगडा, एक थकलेला

बैलजोडीत एक तगडा व एक थकलेला असला तर औत थकलेल्याच्या चालीने चालते. प्रोसेसर व कार्ड यांचेही तसेच आहे. दोन कोअरच्या जुन्या प्रोसेसरवर महागडे कार्ड बसविल्यास कार्ड रिकामे बसून राहते. दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा आय-५ असेल तर १६५० च्या जोडीपर्यंत ठीक. त्यापुढील पैसा वाया जातो.

म्हणून कार्डापूर्वी दोन स्वस्त उपाय करून पाहावेत. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाकावी आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेले असल्याने जुनी तपासलेली पट्टीही चालेल. पुष्कळदा ग्राहकाचे एवढ्यावरच समाधान होते. व्हॅलोरंट हा गेम कंपनीने मुद्दामच हलका बनविला असून तो कार्डाशिवायही काही प्रमाणात चालतो. तथापि विंडोज ११ वर त्यास टीपीएम २.० व सिक्युअर बूट लागतात, आणि जुन्या बोर्डांत ते नसते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. मुलाला नेमका कोणता गेम हवा, हे विचारल्याशिवाय कार्डाचे नावच काढू नये.

हिशेबाचा एक ढोबळ नियम असा. कार्ड, सप्लाय व अडॅप्टर यांचा एकत्र खर्च जर उरलेल्या संगणकाच्या बाजारभावाच्या दीडपटीवर जात असेल, तर थांबावे. समजा संगणक सहा हजारांचा आहे आणि खर्च बारा हजारांचा सांगितला जात आहे, तर ते अठरा हजार एकत्र धरून वापरलेला पण नव्या पिढीचा संगणक शोधणे ग्राहकाच्या हिताचे.

पाचवी गोष्ट : वापरलेल्या कार्डाची पारख

२०२१ च्या सुमारास आभासी चलन काढण्यासाठी ही कार्डे रात्रंदिवस चालविली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धत सोडली आणि असंख्य थकलेली कार्डे बाजारात आली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, वापरलेला माल घेताना ही पार्श्वभूमी विसरू नये. असे कार्ड वाईटच असते असे नाही, पण तपासल्याशिवाय घेऊ नये.

१) नकली माल. जुन्या चिपच्या कार्डात खोटे नाव भरून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झाले आहेत. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवून पाहावा. बनावट चिप आढळल्यास तो तसा इशारा देतो. १०५० टीआय म्हणविणाऱ्या कार्डावर व्हीजीएची निळी जोडणी दिसली तर तेथेच सावध व्हावे.

२) अर्धवट माल. आरएक्स ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. त्याच नावाने २०४८ कोअरचे कार्डही विकले जाते. जीपीयू-झेडमध्ये आकडा दिसतो.

३) अंगावरील खुणा. स्क्रूची झिजलेली तोंडे, पंख्याची खरखर, पाटीवरचा तपकिरी डाग व खरवडलेला अनुक्रमांक पाहावा.

४) ओझ्याची परीक्षा. फरमार्कवर पंधरा मिनिटे व प्रत्यक्ष गेमवर अर्धा तास चालवावे. पडद्यावर ठिपके, पट्टे आल्यास किंवा तापमान पंच्याऐंशीच्या पुढे चढत राहिल्यास परत करावे. आपल्याकडील एप्रिल-मे ची उष्णता व जिनिंग, मळणीच्या दिवसांतील धूळ ध्यानात घेता, थंडीत पास झालेले कार्ड उन्हाळ्यात नापास होऊ शकते. म्हणून धूळ साफ करून नवी थर्मल पेस्ट लावूनच ग्राहकास द्यावे.

दुकानदाराने व्यवहार कसा ठेवावा

वापरलेले कार्ड विकण्यात गैर काही नाही. ते नवे म्हणून विकण्यात आहे. मालाचा ऐब आधी सांगावा, मग भाव सांगावा. पावतीवर कार्डाचे पूर्ण नाव, मेमरीची जात, अनुक्रमांक, "वापरलेले" हा शब्द आणि किती दिवसांची हमी हे लिहून द्यावे. तीस दिवसांची लेखी हमी ही वर्षाच्या तोंडी हमीपेक्षा अधिक वजनदार असते. नवे कार्ड विकल्यास खरेदीचे बिल जपून ठेवावे. नामांकित कंपन्यांची हमी अनुक्रमांकावर असते आणि बिल हरवल्यास अडचण येते.

संगणकाच्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. नोंदणीकृत दुकानदार जुना माल घेऊन विकत असेल आणि खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर संपूर्ण किमतीवर नव्हे, तर नफ्यातील फरकावर कर भरण्याची तरतूद नियमांत आहे. आपल्या कर सल्लागारास ती विचारून घ्यावी.

लग्नाचे व्हिडिओ व अल्बम करणाऱ्या बंधूंनी हाच धडा आपल्या कामास लावावा. त्यांना गेमच्या वेगापेक्षा मेमरी व व्हिडिओ बांधण्याची यंत्रणा अधिक कामाची. म्हणून स्वस्तातील जीटी १०३० किंवा आरएक्स ६४०० ऐवजी त्यांनी १६५० किंवा सहा जीबीचे ३०५० पाहावे. हंगामाच्या तोंडावर नव्हे, तर हंगाम संपल्यावर कार्ड बदलावे, म्हणजे बिघाड निघाल्यास कुणाच्या लग्नाचे काम अडत नाही.

वर ज्याची हकीकत सांगितली तो कारागीर आजही दुकान चालवितो. त्याच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे. त्यावर पाच ओळी लिहिल्या आहेत : गेम कोणता? १२ व्होल्टवर अँपिअर किती? डब्याची मापे किती? मॉनिटरची वायर कोणती? एकूण खर्च किती? या पाचही ओळी भरल्याशिवाय तो कार्ड मागवीत नाही, आणि ग्राहकाची सही घेतो. ते टेम्पोचालक गृहस्थ पुढे स्वतःहून आपल्या भावाचा संगणक त्याच्याचकडे घेऊन आले. बोर्ड पदरचा भरून दिला होता, त्याची ही परतफेड झाली. आमच्या दुकानदार बंधूंनी हा कागद आपल्याही काचेखाली ठेवावा, एवढेच सुचवितो.